वाचकांचे प्रश्न : माहितीपटाच्या संकलनाचा अभ्यास कसा करावा?

प्रश्न : मी सोलापुरात पत्रकारिता आणि जनसंवाद या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगारांवर वीस मिनिटांचा माहितीपट करत असून चित्रण जवळपास पूर्ण झाले आहे. माहितीपटासोबत चित्रपट संकलनावर एक संशोधनपर प्रकरण लिहावे, असे आमच्या मार्गदर्शकांनी सांगितले आहे. मला जे वाचायला मिळाले, त्यात कटचे, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाण्याचे, प्रकार, त्यांच्या व्याख्या आणि परदेशी कथापटांची उदाहरणे एवढेच होते. प्रत्यक्ष संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनसमोर बसल्यावर त्यातले फारसे काही उपयोगी पडत नाही. माझ्याकडच्या निम्म्याहून अधिक मुलाखती तेलुगूत आहेत आणि मला तेलुगू अर्धवट समजते. कारखान्यात घेतलेल्या मुलाखतींत मागांच्या आवाजापुढे बोलणे नीट ऐकू येत नाही. एका कामगाराच्या लांब मुलाखतीतली मोजकी वाक्ये निवडून मी रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, केला, तेव्हा माझी मैत्रीण म्हणाली, ‘हे त्यांचे म्हणणे राहिले नाही, तुझे झाले.’ ते वाक्य मनातून जात नाही. संकलन म्हणजे सत्यात फेरफार करणेच आहे का? आणि मी अभ्यास नेमका कशाचा करावा?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तुमच्या मैत्रिणीने उपस्थित केलेली शंका हाच तुमच्या प्रकरणाचा विषय व्हावा, असे मला मनापासून वाटते. कटच्या प्रकारांची यादी कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते आणि ती पुन्हा उतरवून काढल्याने कोणाच्याच ज्ञानात भर पडत नाही. मात्र पूर्व भागातल्या एका माणसाचे तासाभराचे बोलणे दीड-दोन मिनिटांवर आणताना काय काय गळाले, ते का गळाले आणि जे उरले त्याचा अर्थ बदलला का, हे तुमच्याशिवाय दुसरे कोणीही लिहू शकणार नाही.

हा प्रश्न चित्रपटाइतकाच जुना आहे. १९२०च्या सुमारास रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याला कधी सूपच्या थाळीचे, तर कधी शवपेटीचे दृश्य जोडले आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक, एकदा शोक दिसला, ही हकिकत तुम्ही वाचली असेलच. कथापटाच्या संदर्भात ती एक कौतुकाची गोष्ट ठरते. माहितीपटात मात्र तीच गोष्ट जबाबदारीची होते, कारण तुमच्याकडे नट नाही. समजा, मागाजवळ उभ्या असलेल्या एका कामगाराचा शांत चेहरा तुमच्या चित्रणात आहे. कारखानदार मजुरीविषयी बोलत असताना मध्येच तो चेहरा दाखवला, तर प्रेक्षकाला त्यात दाबलेला राग दिसेल. तोच चेहरा त्याच्या मुलीच्या दहावीच्या निकालाच्या प्रसंगानंतर आला, तर त्यात अभिमान दिसेल. प्रत्यक्षात त्या क्षणी तो माणूस कदाचित तुटलेला धागा कुठे आहे, एवढेच पाहत असेल. तुम्ही एकही चौकट बदललेली नसते, आवाजाला हात लावलेला नसतो, तरीही त्याच्या तोंडी न बोललेले मत घातले जाते. असा प्रत्येक प्रतिक्रियेचा शॉट कोणत्या दिवशी, कोणत्या प्रसंगी घेतला आणि तो कोठे वापरला, याची नोंद तुमच्या प्रकरणात आली, तर परीक्षकांना अभ्यास कशाला म्हणतात ते लगेच कळेल.

निवड टाळता येत नाही. वीस मिनिटांच्या माहितीपटात कोणाचेही सगळे बोलणे मावणार नाही, आणि कॅमेरा लावण्याची जागा ठरवली तेव्हाच निवड सुरू झालेली असते. म्हणून ‘फेरफार केला का?’ हा प्रश्न मी थोडा बदलून विचारेन : ज्याची मुलाखत आहे, तो माणूस शेजारी बसून हा भाग पाहत असेल, तर ‘मी असे म्हणालो, पण त्यापुढे आणखी काही म्हणालो होतो’ असे सांगण्याची वेळ त्याच्यावर येईल का? येणार असेल, तर ते ‘पुढचे’ आत आलेच पाहिजे, मग त्यासाठी एखादे सुंदर दृश्य गाळावे लागले तरी चालेल. ‘मालक तसे चांगले आहेत, पण दिवाळीच्या बोनसचा विषय काढला की ऐकून न ऐकल्यासारखे करतात’ या वाक्याचा पहिला भाग ठेवला की एक माहितीपट होतो, दुसरा ठेवला की अगदी वेगळा होतो, आणि माणूस दोन्हींत हरवतो. शक्य असेल तर चित्र लॉक करण्यापूर्वी, म्हणजे दृश्यांची जुळणी कायम करण्यापूर्वी, संबंधितांना त्यांचा भाग दाखवा. तसे करणे कायद्याने बंधनकारक नाही. पण ज्यांनी तुम्हाला आपल्या घरात आणि कारखान्यात येऊ दिले, त्यांचा तो हक्क आहे, असे मी मानते.

इथे भाषेचा मुद्दा येतो आणि तुमच्या प्रकल्पात तो फार महत्त्वाचा आहे. मराठीप्रमाणेच तेलुगूतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि बहुतेक वेळा नकारही तिथेच असतो. ज्याला भाषा अर्धवट समजते, असा संकलक बोलणाऱ्याचा आवाज खाली उतरला की वाक्य संपले असे समजून कट मारतो, आणि ‘कामाचे पैसे वेळेवर मिळतात असे काही नाही’ यातले शेवटचे शब्द निसटतात. पाऊण सेकंदाच्या चुकीने साक्ष उलटी होते. यावर उपाय एकच आहे. तेलुगू घरातच बोलणाऱ्या व्यक्तीला शेजारी बसवा आणि सर्व मुलाखती टाइमकोडसह (चित्रणातल्या नेमक्या वेळेसह) शब्दशः उतरवून घ्या. सारांश अजिबात चालणार नाही. अडखळणे, थांबणे, मध्येच मराठी शब्द येणे, हेही उतरवा. पूर्व भागातली माणसे कॅमेऱ्याकडे पाहून मराठीत बोलतात आणि शेजारच्याकडे वळून तेलुगूत पुस्ती जोडतात, हे तुमच्याही लक्षात आले असेल. ती पुस्ती बहुतेकदा मूळ उत्तरापेक्षा अधिक मोकळी असते, तेव्हा ती कापू नका. मराठी उपशीर्षके देताना वाक्यरचनेचे हे साम्य तुमच्या कामी येईल, कारण तेलुगू वाक्याचे तुकडे जवळजवळ त्याच क्रमाने मराठीत पडद्यावर उमटू शकतात. इंग्रजी उपशीर्षकांत मात्र महत्त्वाचा शब्द बोलणाऱ्याच्या आधीच वाचला जातो. एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी देऊ नका आणि एक उपशीर्षक दोन शॉटवर पसरू देऊ नका, कारण चित्र बदलले की वाचणाऱ्याचे लक्ष विस्कटू शकते.

आता अभ्यासाच्या पद्धतीविषयी. संकलनाचा अभ्यास वाचून थोडा होतो आणि मोजून पुष्कळ होतो. एखाद्या चांगल्या माहितीपटातला दहा मिनिटांचा सलग भाग निवडा. तो प्रथम आवाज बंद करून पाहा, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका, आणि त्यानंतर वही घेऊन प्रत्येक कटची वेळ, आधीच्या शॉटमध्ये काय होते, नंतरच्यात काय आले आणि आवाज चित्राबरोबर बदलला की आधी-नंतर, हे लिहा. एकूण सेकंदांना शॉटच्या संख्येने भागले की शॉटची सरासरी लांबी मिळते. हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. पण त्याच माहितीपटातल्या दोन प्रसंगांची सरासरी वेगवेगळी आली, तर संकलकाने कोठे घाई केली आणि कोठे थांबून राहिले, हे स्पष्ट दिसते. काम कंटाळवाणे आहे. तरीही दहा मिनिटांच्या अशा नोंदीतून जे हाती लागते, ते शंभर पाने वाचून लागत नाही, हे मी खात्रीने सांगते.

काय पाहावे? रशियन दिग्दर्शक झिगा व्हर्टोव्ह यांचा ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ (१९२९) तुम्ही पाहायलाच हवा. त्याचे संकलन एलिझावेता स्विलोव्हा यांनी केले. त्या स्वतः पडद्यावर दिसतात : फिल्मच्या पट्ट्या हाताळत आहेत, चालते चित्र गोठून नुसती चौकट झाले आहे, आणि मग तीच चौकट पुन्हा हलू लागते. त्या चित्रपटात कापड उद्योगातली यंत्रे आणि तिथल्या कामगार स्त्रियाही आहेत, त्यामुळे यंत्राची लय आणि कटची लय एकमेकांशी कशी जुळवली किंवा मुद्दाम तोडली, याचा तुमच्या विषयाला थेट उपयोग होईल. एस्फिर शुब यांनी १९२७ मध्ये झारच्या काळातले जुने वार्तापट आणि खासगी चित्रण जोडून ‘द फॉल ऑफ द रोमानोव्ह डायनॅस्टी’ उभा केला. राजघराण्याच्या कौतुकासाठी झालेले चित्रणच त्यात राजघराण्याविरुद्धचा पुरावा झाले. कुलेशोव्ह यांचा प्रयोग प्रयोगशाळेबाहेर काय करू शकतो, हे तिथे कळते.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. आनंद पटवर्धन आपल्या माहितीपटांचे संकलन स्वतः करतात. ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचे चित्रण चौदा वर्षे चालले होते. शाहीर विलास घोगरे यांचे गाणे त्यांनी पूर्वी ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये चित्रित केले होते. १९९७ मध्ये मुंबईतल्या रमाबाई आंबेडकर नगरातील पोलिसांच्या गोळीबारानंतर घोगरे यांनी आत्महत्या केली, आणि नव्या माहितीपटात ते जुने चित्रण पुन्हा येते. गाणे तेच आणि चेहराही तोच असला, तरी आता प्रेक्षकाला पुढचे माहीत असते, म्हणून ते पाहवत नाही. हा अर्थ फक्त जागा बदलल्याने आलेला आहे आणि तो अर्थ खरा आहे. संकलन सत्याला धरून किती दूर जाऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. तुमच्या मैत्रिणीलाही हे दोन्ही माहितीपट एकापाठोपाठ दाखवा.

अमेरिकन चित्रपट संकलक वॉल्टर मर्च यांच्या ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ या छोट्या पुस्तकाचा उल्लेखही करायला हवा. कट कोठे मारावा हे ठरवण्याचे सहा निकष त्यात आहेत. त्यांत भावनेला ५१ टक्के, कथेला २३ आणि लयीला १० टक्के महत्त्व दिले असून नजरेचा प्रवास, चौकटीची रचना आणि जागेचे सातत्य यांच्या वाट्याला उरलेले येतात. हे आकडे त्यांनी काहीसे गमतीने दिले असले, तरी क्रम पूर्ण विचारांती लावला आहे. माझ्या मते माहितीपटात या सहांच्याही वर एक निकष ठेवावा लागतो, तो म्हणजे चित्रित माणसाशी प्रामाणिक राहण्याचा. मर्च यांचा क्रम तुमच्या रफ कटला लावून पाहा आणि तो कोठे अपुरा पडतो ते लिहा.

माझ्या मते प्रकरणाचा गाभा मात्र तुमची निर्णयवही असावा. लॉगिंग (चित्रणाची नोंद), कागदावरची जुळणी, असेंब्ली (निवडलेले शॉट ओळीने लावणे), रफ कट, फाइन कट (बारकाईची जुळणी) आणि चित्र लॉक करणे, हे टप्पे तुम्हाला ठाऊक आहेत. प्रत्येक टप्प्याची प्रत तारीख घालून वेगळी जतन करा, जुन्या प्रतीवर नवी लिहू नका. प्रत्येक बैठकीनंतर काय काढले आणि का काढले, हे त्याच दिवशी दोन-चार वाक्यांत लिहा, कारण आठवड्याने आठवणारे कारण बहुधा नंतर रचलेले असते. चादर विणण्याचा प्रसंग घ्या. मागावर चादर पूर्ण व्हायला जो वेळ लागतो, तो तुम्ही पडद्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात दाखवणार. वेळ आखडण्याची ही युक्ती आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांइतकी जुनी आहे; ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या चौकटींनी चित्रित केली होती. तुमच्या प्रसंगात रुळावर गुंडाळलेले कापड पहिल्या शॉटमध्ये जाड आणि पुढच्यात पातळ दिसले, किंवा मयूरपंखाच्या नक्षीचा रंगच बदलला, तर सोलापूरचा प्रेक्षक क्षणात ओळखेल, पुण्या-मुंबईचा कदाचित ओळखणार नाही. मग तो शॉट ठेवायचा का? मी तो काढेन, कारण ज्यांच्याविषयी माहितीपट आहे, ते त्याचे पहिले प्रेक्षक आहेत. तुमचे उत्तर वेगळे असू शकेल. ते उत्तर आणि त्याचे कारण वहीत आले पाहिजे.

रफ कट दोघांना दाखवा : एकाने आयुष्य मागावर काढलेले असावे आणि दुसऱ्याने कारखान्यात कधी पाऊलही टाकलेले नसावे. ‘आवडले का?’ असे विचारू नका. लक्ष कोठे उडाले आणि काय कळले नाही, एवढेच विचारा.

मागांच्या आवाजाविषयी. पंख्याची घरघर सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी कमी करता येते, कारण ती एकसारखी असते. मागातला आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा ठोका अचानक आणि सतत येतो आणि माणसाच्या बोलण्याच्याच पट्ट्यात पसरतो. तो काढायला गेले की बोलणेही पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येते. म्हणून महत्त्वाच्या मुलाखती पाळी सुटल्यावर अंगणात किंवा घरी पुन्हा घ्या आणि ते बोलणे कारखान्याच्या दृश्यांवर ठेवा. मात्र कारखान्यातली एखादी ओरडून दिलेली मुलाखत काही सेकंद तशीच राहू द्या, उपशीर्षके द्या. आयुष्यभर असे ओरडून बोलावे लागते, ही माहिती कोणत्याही निवेदनाने इतकी नीट पोहोचणार नाही. चालू मागांचा आणि बंद कारखान्याचा असा दोन्ही परिसर-ध्वनी प्रत्येकी दोन-तीन मिनिटे सलग ध्वनिमुद्रित करून ठेवा, नाहीतर कटच्या जागी आवाजात भोके पडतात. वीज जाते तेव्हा सगळे माग काही क्षणांत थांबतात आणि जी शांतता पसरते, ती मिळाली तर अवश्य घ्या, आणि तिच्यावर संगीत घालू नका. आवाज चित्राच्या आधी आणण्याचा जो जे-कट तुम्ही व्याख्येत वाचला, त्याचा उपयोगही इथेच कळेल : घरी विड्या वळणाऱ्या बाईच्या हातातली कात्री तेंदूच्या पानावर चालत असताना मागांचा आवाज हळूहळू आत येऊ द्या, आणि ती मान वर करेल तेव्हा कारखान्यावर जा. घर आणि कारखाना यांचे नाते सांगायला मग निवेदनाची गरज उरत नाही.

संदर्भांसाठी एकदा पुण्याला जा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परत येता येते. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे ग्रंथालय लॉ कॉलेज रस्त्यावर आहे आणि प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या जागेतली, १९६०ची फिल्म इन्स्टिट्यूटही जवळच आहे. जाण्यापूर्वी महाविद्यालयाचे पत्र घेऊन रीतसर परवानगी मागा. १९४८ मध्ये सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनेक माहितीपट यूट्यूबवर घरबसल्या पाहता येतात. अभ्यासासाठी पाहणे आणि त्यातला तुकडा स्वतःच्या माहितीपटात वापरणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, तेव्हा गिरण्यांचे जुने चित्रण घ्यायचे झाल्यास लेखी परवानगी हवी. कारखान्यात कोणाच्या मोबाइलवर वाजणारे चित्रपटगीत मुलाखतीत आले असेल, तर तेही तपासा.

प्रश्न : आमच्या गटाने मोबाइलवर फोर-के चित्रण केले आहे. लॅपटॉप जुना असल्यामुळे संकलन करताना तो सारखा अडकतो, आणि लांब मुलाखतींत ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होत जातात. महागडे सॉफ्टवेअर घ्यावे का?
— एक विद्यार्थी, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : घेऊ नका. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मोफत सॉफ्टवेअर तुमच्या कामाला पुरेशी आहेत. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही उत्तम आहे, पण जुन्या लॅपटॉपला ती जड जाईल. मूळ चित्रणाच्या कमी आकाराच्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, तयार करून त्यांवर संकलन करा. अंतिम फाइल काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ चित्रण वापरते. मूळ चित्रण दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी असू द्या.

ओठ आणि आवाज वेगळे होण्याचे नेहमीचे कारण असे, की मोबाइल दर सेकंदाला सारख्याच चौकटी टिपत नाही. प्रकाश कमी झाला की त्या कमी-जास्त होतात, आणि स्वतंत्र रेकॉर्डरवरचा आवाज मात्र एकाच गतीने चालतो. सर्व चित्रण आधी सेकंदाला २५ चौकटी अशा स्थिर गतीत रूपांतरित करून घ्या. आपल्याकडे विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने पुढचे चित्रणही २५ चौकटी आणि १/५० सेकंद शटर ठेवूनच करा, म्हणजे कारखान्यातल्या ट्यूबलाइटची फडफड दिसणार नाही. ती एकदा चित्रात उतरली की संकलनात पूर्ण निघत नाही. रूपांतराचे काम टाइमलाइनवर पहिला शॉट ठेवण्याआधीच उरका, कारण निम्मे संकलन झाल्यावर गती बदलली, तर तोवर मारलेले सगळे कट जागेवरून सरकतात.